तयार फाइल असताना कंपाईल कशाला?

गणपतीत सगळे घरी जमले होते. तेव्हा धाकट्या मामेभावाने मला सरळच विचारलं, "दादा, तयार फाइल फुकट मिळते. ब्राउझरमधून दोन मिनिटांत चिपवर चढते. मग तू अख्खा रविवार ते कंपाईल-कंपाईल काय खेळत बसतोस?" सगळे हसले. मीही हसलो, कारण समोर मोदक होते आणि तोंड भरलेलं होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आता देतो.

ज्यांना हा काय प्रकार आहे ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिप. पहिली २०१४ मध्ये आली, दुसरी २०१६ मध्ये. स्वस्त असल्याने हौशी लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. त्यांच्यावर डब्ल्यूएलईडी नावाचं मुक्त फर्मवेअर चढवलं की रंगीत एलईडीची पट्टी मोबाईलवरून चालवता येते. रंग, उजेड, वेळापत्रक, शंभराहून जास्त इफेक्ट, सगळं त्यात आहे. कुठल्या कंपनीचा सर्व्हर मध्ये नाही, खातं उघडायला नको. हे फर्मवेअर तयार फाइलच्या रूपात मिळतं आणि त्याचा सोर्सही मिळतो.

तयार फाइलवर माझा मुळीच राग नाही. माझी पहिली पट्टी मी तशीच लावली आणि ती पहिल्या फटक्यात पेटली. राग आहे तो "तयार मिळतंय ना, मग सोर्सशी तुला काय करायचंय" या वृत्तीवर.

आमच्या देवघरामागे ३० दिव्यांची पट्टी आहे. ती आईसाठी लावली. चार दिवस कौतुक झालं. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "अरे, संध्याकाळी दिवा लावायचा तर आधी मोबाईल शोधा, मग चष्मा शोधा, मग ते रंगाचं चाक. मला आपलं पंख्याच्या रेग्युलेटरसारखं काहीतरी दे."

मागणी चुकीची होती का? अजिबात नाही. उलट आम्ही सगळे 'स्मार्ट'च्या नादात विसरलो होतो की घरातल्या वस्तू घरातल्या माणसाच्या हाताला जमल्या पाहिजेत. नॉब बाजारात मिळतो. रोटरी एन्कोडर म्हणतात त्याला, गोल फिरवायचा आणि दाबायचाही. तो वाचणारा कोडही डब्ल्यूएलईडीच्या सोर्समध्ये कुणीतरी लिहून ठेवलेला आहे. अशा जोडतुकड्यांना युजरमॉड म्हणतात आणि ते तिथे डझनांनी पडलेले आहेत. पण मी चढवलेल्या तयार फाइलमध्ये तो नव्हता.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. नेहमीच्या ईएसपी३२ बोर्डावर ४ एमबी जागा असते. त्यात फर्मवेअरसाठी दोन कप्पे, साधारण दीड-दीड एमबीचे. एकातून काम चालू असताना वायफायवरून येणारी नवी आवृत्ती दुसऱ्यात उतरते. उरलेल्या जागेत तुमच्या सेटिंगच्या फाइली. म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमाला जागा दीड एमबी. सगळ्यांचे सगळे लाड त्यात कसे मावणार? मग बहुतेकांना जे लागतं ते आत राहतं आणि बाकीचं बाहेर. आई त्या 'बहुतेकां'मध्ये बसत नव्हती, एवढंच.

मामेभावाचं म्हणणं, की मग आईनेच मोबाईल शिकावा. माझं म्हणणं उलटं आहे. सोर्स हातात असताना पंचाहत्तरीच्या बाईला बदलायला लावायचं आणि दीड एमबीच्या फाइलला हात लावायचा नाही, हा कुठला न्याय?

आता कंपाईलची रडकथा, कारण तीही खोटी नाही. व्हीएस कोड घातलं, त्यात प्लॅटफॉर्मआयओ घातलं, सोर्स उतरवला, बटण दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं की एनपीएम सापडत नाही. सी++ मधल्या कामात नोड जेएस कशाला, म्हणून मी चिडलो. नंतर कळलं की मोबाईलवर दिसणारं ते रंगाचं चाक, ती सगळी वेब पानं त्या चिपच्या पोटातच राहतात. नोड ती पानं आकसून, दाबून बाइटच्या यादीत बदलतं आणि ती यादी फर्मवेअरमध्ये गुंफली जाते. हे कळल्यावर राग गेला, कौतुक वाटलं. नोड घातलं आणि पुढे सरकलो.

दुसरी ठेच युजरमॉडची. मी जे जुनं मार्गदर्शन वाचत होतो त्यात ०.१५ पर्यंतची पद्धत होती, म्हणजे बिल्डच्या फ्लॅगमध्ये युजरमॉडचं नाव घालायची. मी उतरवलेल्या नव्या सोर्समध्ये युजरमॉडची वेगळी यादी द्यावी लागते. कंपाईल बिनतक्रार झालं, नॉब मात्र ढिम्म. संध्याकाळचे चार वाजले होते, आणि 'ह्याला जेवायलाही बोलवू नका' असं घरात ठरलं होतं.

इथे जाणकार मंडळींनाही दोन शब्द सुनावतो. नवख्याने काही मागितलं की "सोर्स उघडा आहे, स्वतः कंपाईल कर" असं म्हणायचं आणि तो अडला की "नीट वाच" म्हणायचं, ही मदत नव्हे. हे दार बंद करणंच आहे, फक्त वर पाटी 'उघडे आहे' अशी लावायची. मुक्त सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य पायरीगणिक सांगितलं तरच ते चार लोकांपलीकडे पोचेल. मी माझ्या सगळ्या पायऱ्या आणि चुका वहीत लिहून ठेवल्या आहेत. ज्याला हवी त्याला ती वही मिळेल.

असो. सहा वाजता नॉब चालला. आईने फिरवून पाहिला आणि लगेच खोट काढली, "शेवटी शेवटी नुसताच फिरतो, उजेड वाढत नाही." मी म्हटलं वायर सैल असेल. वायर ठीक होती. सोर्समध्ये शोधलं तेव्हा दिसलं की विजेची मर्यादा मुळात ८५० मिलिअँपिअर धरलेली आहे. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर ६० च्या आसपास घेतो, म्हणजे ३० दिव्यांचे १८००. हिशोब मर्यादेपलीकडे गेला की फर्मवेअर आपणच उजेड आवरतं, कारण कुणीतरी ही पट्टी मोबाईलच्या चार्जरवर लावणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. ही मर्यादा मोबाईलवरूनही बदलता येते, त्यासाठी कंपाईल लागत नाही. पण तशी मर्यादा आहे हेच मला आधी माहीत नव्हतं. माझा अडॅप्टर २ अँपिअरचा. मी मर्यादा १५०० केली. आई खूश.

मी सगळा कोड वाचला असा आव आणत नाही. शंभरातल्या दोन ओळी कळल्या असतील. स्वतः कंपाईल केलं म्हणजे ते जास्त सुरक्षित झालं असंही नाही. पण याआधी घेतलेला एक 'स्मार्ट' बल्ब आठवतो. त्याचं अ‍ॅप एका अपडेटनंतर उघडेना, आणि चांगला पेटणारा बल्ब रंग बदलायचा विसरला. तिथे मला करण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त नवा बल्ब विकत घेणं. डब्ल्यूएलईडीचा परवाना आधी एमआयटी होता, ०.१५ पासून ईयूपीएल आहे. म्हणजे कुणी त्यात बदल करून ते वाटलं किंवा विकलं तर बदललेला सोर्सही द्यायला हवा. हा हक्क कागदावर उत्तम आहे. पण कुणी कधी कंपाईलच केलं नाही तर तो कागदावरच राहणार.

म्हणून, बाळा, रोज कंपाईल कर असं मी म्हणत नाही. एकदा कर. अडलास तर माझ्याकडे ये, वही तयार आहे. आणि येशील तेव्हा देवघरातला नॉब फिरवून बघ. आई हल्ली तो कुणाला हात लावू देत नाही, तेव्हा आधी तिला विचार.