जनतेने थेट कायदे करावेत काय?

३ मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंडच्या मतदारांनी सरकारचा सल्ला बाजूला सारून वृद्धांचे निवृत्तिवेतन वाढवून घेतले. सरकारी निवृत्तिवेतनाचे वर्षाला बारांऐवजी तेरा हप्ते मिळावेत, अशी तेथील कामगार संघटनांची मागणी होती. सरकारचा तिला विरोध होता, संसदेच्या बहुमताचाही होता. तरीही ५८.२ टक्के मतदारांनी होकार दिला आणि सरकारला तो शिरोधार्य मानावा लागला. एखादा अर्ज घेऊन महिनोन्‌महिने सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्याकडील नागरिकाला ही हकिकत परीकथेसारखी वाटेल.

वाचकहो, ही परीकथा नाही. या देशात १८९१ पासून ही प्रथा अस्तित्वात आहे. आजच्या नियमानुसार अठरा महिन्यांत एक लाख नागरिकांच्या सह्या जमविल्या की राज्यघटना बदलण्याचा प्रस्ताव थेट जनतेपुढे ठेवता येतो. संसद त्यावर आपले मत देऊ शकते, स्वतःचा पर्यायी प्रस्ताव मांडू शकते. परंतु अगदी मोजक्या कारणांखेरीज मूळ प्रस्ताव अडवू शकत नाही. तो मंजूर होण्यासाठी एकूण मतांचे बहुमत आणि बहुसंख्य प्रांतांची संमती, अशी दोन्ही लागतात. मतदानापूर्वी दोन्ही बाजूंचे म्हणणे मांडणारी पुस्तिका प्रत्येक मतदाराच्या घरी पोहोचते.

सामान्य माणूस फक्त स्वतःचा स्वार्थ पाहील, ही भीतीही पुष्कळ अंशी खोटी ठरली आहे. २०१२ मध्ये वर्षाला किमान सहा आठवड्यांची भरपगारी रजा द्यावी, असा प्रस्ताव आला. दोनतृतीयांश मतदारांनी तो फेटाळला! रजा नाकारणारे कामगार आमच्या तरी पाहण्यात नाहीत. ज्या दिवशी निवृत्तिवेतन वाढले, त्याच दिवशी निवृत्तीचे वय वाढविण्याचा दुसरा प्रस्ताव मात्र त्यांनी मोठ्या फरकाने नाकारला, हेही सांगितले पाहिजे. आजवर मतदानास आलेल्या अशा प्रस्तावांपैकी साधारण दहांतून एकच मंजूर झाला आहे. तेव्हा मतदार डोळे मिटून कौल देतात, असे म्हणता येणार नाही.

आमची चिंता वेगळी आहे. जनतेला मिळालेल्या या अधिकाराचा पहिला यशस्वी वापर कशासाठी झाला? २० ऑगस्ट १८९३ रोजी सुमारे ६० टक्के मतदारांनी जनावराला प्रथम बेशुद्ध न करता कापण्यास बंदी घातली. वरकरणी हा भूतदयेचा प्रश्न होता, आणि तशी तळमळ असलेली माणसे या चळवळीत होतीच. परंतु ज्यू धर्मनियमानुसार होणारी कत्तल हेच या प्रस्तावाचे लक्ष्य होते आणि प्रचारात ज्यूद्वेष उघडपणे वावरत होता. मूठभर ज्यू कुटुंबांच्या ताटातील अन्नावर संपूर्ण देशाने मतदान केले. ती बंदी आजही कायद्यात आहे.

हा प्रकार जुन्या काळापुरता राहिला नाही. २९ नोव्हेंबर २००९ रोजी ५७.५ टक्के मतदारांनी नव्या मिनारांच्या बांधकामावर बंदी आणली. त्या वेळी संपूर्ण देशात मिनार होते चार! सरकार आणि संसद या बंदीच्या विरोधात होती. स्वित्झर्लंडच्या कॅथलिक बिशप परिषदेनेही तिला स्पष्ट विरोध केला होता. बिशपांनी एक बाजू घेतली आणि मतदारांनी दुसरी. त्यांत कॅथलिक भाविकही असणारच. हे निमूटपणे मान्य करावे लागते.

आपल्याच माणसांचा आणखी एक दाखला आहे. स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार द्यावा काय, हा प्रश्न १९५९ मध्ये विचारला गेला, तो अर्थातच फक्त पुरुषांना. दोनतृतीयांश पुरुषांनी ‘नाही’ म्हटले. राष्ट्रीय मताधिकार मिळायला १९७१ उजाडले. बहुसंख्येने कॅथलिक असलेल्या आपेन्झेल इनररोडन या प्रांतात तर पुरुष मतदार मैदानात हात उंचावून प्रांतिक कारभारातील स्त्रियांचा अधिकार नाकारतच राहिले. अखेर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. ज्याला मत नाही, त्याच्याविषयी मत घेतले तर निकाल काय लागणार?

आता अमेरिकेकडे वळू. तेथे संपूर्ण देशासाठी अशी सोय नाही. अलास्काचे माजी सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, परंतु २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही ते स्वप्न अपुरेच होते. अनेक राज्यांना मात्र हा अधिकार आहे. ओरेगॉन राज्याने तो १९०२ मध्ये स्वीकारला आणि त्याची मोठी वाखाणणीही झाली. त्याच ओरेगॉनमध्ये नोव्हेंबर १९२२ मध्ये एक प्रस्ताव मतदानास आला : आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. भाषा समतेची होती. सर्व मुले एकाच बाकावर बसावीत, यात वाईट ते काय? परंतु प्रस्तावामागे कु क्लक्स क्लॅनची ताकद उभी होती आणि निशाणा होता कॅथलिक शाळांवर. १,१५,५०६ विरुद्ध १,०३,६८५ मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. म्हणजे सुमारे बारा हजार मतांच्या फरकाने त्या राज्यातील कॅथलिक शाळांना टाळे लागण्याची वेळ आली.

शाळा चालविणाऱ्या धर्मभगिनी न्यायालयात गेल्या. त्यांच्या बाजूला एक खासगी लष्करी शाळाही उभी राहिली. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने निर्णय दिला की, आपल्या मुलाने कोठे शिकावे हे ठरविण्याचा आईवडिलांचा हक्क राज्य असा हिरावून घेऊ शकत नाही. कायदा अमलात येण्यापूर्वीच रद्द झाला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र मंजूर प्रस्ताव राज्यघटनेचाच भाग होतो. तो रद्द करण्याचा अधिकार तेथील न्यायालयाला नाही.

न्याय्य बोलायचे तर जनता आपली चूक सुधारतेही. येशूसंघाच्या कार्यावर स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेने १८४८ पासून बंदी घातली होती. ज्या संघाच्या जर्मन धर्मगुरूंनी १८६९ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू केले, त्या संघाला तेथे शाळेत वा चर्चमध्ये काम करण्यास मज्जाव होता. १९७३ मध्ये ५४.९ टक्के मतदारांनी ती बंदी उठविली. सव्वाशे वर्षे लागली, पण उठविली.

भारताला हा विषय अगदी परका नाही. महाराष्ट्रातील महिलांनी तो ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या रूपात अनुभवला आहे. गावातील वा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान होते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दुकान बंद. येथे मत देणारी आणि दारूचा त्रास भोगणारी एकच असते, म्हणून आम्हाला ही तरतूद मोलाची वाटते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, याचा कौल दिला, तोही ज्यांचे भवितव्य ठरणार होते त्यांनीच.

१९७८ मध्ये तर एक मोठा प्रयत्न झाला. आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने घटनादुरुस्ती विधेयकात अशी तरतूद मांडली की, देशाचे धर्मनिरपेक्ष व लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका किंवा न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य यांना बाधा आणणारा बदल सार्वमताशिवाय होऊ नये. लोकसभेने ती मंजूर केली, राज्यसभेने वगळली. या तरतुदीचा रोख नीट ध्यानात घ्यावा. तिने जनतेच्या हाती दिला असता तो लगाम. जनतेने स्वतः कायदा मांडणे म्हणजे हाती चाबूक घेणे. स्वित्झर्लंडमध्ये लगामही आहे : संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध शंभर दिवसांत पन्नास हजार सह्या जमल्या, की तो सार्वमताला ठेवावा लागतो. असा लगाम भारतीय मतदाराच्या हाती यावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

चाबकाविषयी मात्र एक साधे गणित करून पाहावे. स्वित्झर्लंडमध्ये मतदार सुमारे ५५ लाख आणि सह्या एक लाख. त्याच प्रमाणात आपल्या ९७ कोटी मतदारांसाठी सुमारे पावणेदोन कोटी सह्या लागतील. त्या गोळा करणे बलाढ्य पक्ष-संघटनांनाच जमेल. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ख्रिस्ती लोकसंख्या, पाळण्यातील बाळे धरून, आहे २ कोटी ७८ लाख. आमच्या शाळांविषयी, अनाथालयांविषयी, धर्मांतराविषयी एखादा प्रश्न त्या मतपत्रिकेवर आला, तर तो लिहिणारे आम्ही नसू.