ताईंची श्रद्धा आणि आपले मौन

२५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, तेव्हा आम्ही दोघेही तासिका तत्त्वावर नुकतेच शिकवू लागलो होतो. एक अमरावतीत, दुसरा अकोल्यात. दोन्हीकडच्या प्राध्यापक-कक्षांत त्या दिवशी पेढे वाटले गेले. अमरावतीकरांच्या दृष्टीने तर हा घरचाच सोहळा होता. ताईंचा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा, पण त्या अमरावतीच्या शेखावत घराण्याच्या सून आणि १९९१ ते १९९६ या काळात अमरावतीच्या खासदार. देशाची पहिली महिला राष्ट्रपती आपल्या गावची असावी, याचा आनंद आम्हांलाही झाला होता आणि तो आम्ही आजही नाकारीत नाही.

त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकजण बी. ए.च्या वर्गात गाडगेबाबांविषयी बोलत होता. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, ‘‘सर, ताई म्हणतात का त्याईले बाबाचा संदेश आला. आपले गाडगेबाबा असते, त त्याईनं काय इचारलं असतं?’’ वर्गात हशा पिकला. सरांनी ‘हा परीक्षेला येणारा प्रश्न नाही’ असे म्हणून तास पुढे नेला. ते उत्तर तेव्हा द्यायला हवे होते. ते दिले गेले नाही, याचे कारण केवळ एका नवशिक्या शिक्षकाची भीती एवढेच नव्हते. धर्मश्रद्धा आणि सत्तास्थान यांविषयी वाद कसा घालावा, हे आपला सबंध शिक्षित वर्ग विसरला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी प्रकरण काय होते ते पाहू. जून २००७ मध्ये ताईंचे नाव राष्ट्रपतिपदासाठी जाहीर झाले. त्यानंतरच्या दिवसांत त्यांचे माउंट अबू येथील ब्रह्माकुमारींच्या व्यासपीठावरचे एक निवेदन वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर आले. दादी हृदयमोहिनी यांच्या देहाच्या माध्यमातून ‘बाबा’ आपल्याशी बोलले आणि मोठी जबाबदारी येणार असल्याचे त्यांनी सूचित केले, असा त्याचा आशय होता. हे बाबा म्हणजे संस्थेचे संस्थापक दादा लेखराज. ते १९६९ साली निवर्तले होते. याच महिन्यात उदयपूरला बोलताना ताईंनी पडद्याच्या प्रथेचा संबंध मोगलांच्या आक्रमणाशी जोडला होता आणि त्यावर इतिहासकारांनी व मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतले होते.

या दोन्ही विधानांवर बोलणाऱ्यांचे दोन तट पडले. एक तट समर्थकांचा. श्रद्धा ही खासगी बाब आहे, एक स्त्री त्या पदावर जाते आहे हे पाहवत नाही म्हणून हे चालले आहे, आणि ती मराठी आहे, एवढ्यावर त्यांचा युक्तिवाद संपत असे. शिवसेनेने तर मराठीपणाच्या मुद्द्यावर आपल्या आघाडीचा पाठिंबा असलेले उमेदवार भैरोसिंह शेखावत यांना सोडून ताईंना मते दिली. ज्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी देवळांच्या धर्मावर आसूड ओढले आणि गाडगेबाबांचे चरित्र लिहिले, त्यांच्याच घरातून हा निर्णय आला. मराठी माणसाला मत द्यावे, यात गैर काही नाही. पण मराठीपण सांगितले की बाकीचे प्रश्न मिटले, ही समजूत निश्चितच प्रबोधनकारांची नव्हती.

दुसरा तट टीकाकारांचा. आम्ही वृत्तीने या तटाजवळचे, म्हणून त्याच्याविषयी अधिक कठोरपणे बोलले पाहिजे. या मंडळींनी विचारले काहीच नाही; ती फक्त हसली. ‘भुताशी बोलणाऱ्या बाई’ हा विनोद चहाच्या टपरीपासून विद्यापीठाच्या परिसंवादापर्यंत फिरला. त्यात बुद्धिप्रामाण्य किती आणि एका बाईला हिणवण्याची जुनी सवय किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे. हसणाऱ्याला मुद्दा मांडावा लागत नाही, आणि ज्याच्याकडे पाहून हसले जाते त्याला उत्तर देण्याची गरज उरत नाही. म्हणजे दोन्ही तटांनी मिळून एकच गोष्ट साधली: प्रश्न टळला.

तो प्रश्न कोणता? ‘राष्ट्रपतीची श्रद्धा काय आहे’ हा तो प्रश्न नव्हे. मृत व्यक्ती बोलते असे मानण्याचा हक्क ताईंना आहे, जसा तो न मानण्याचा आम्हांला आहे. प्रश्न असा की, सार्वजनिक पदावरचा आपला अधिकार कोणी दिला, याविषयी उमेदवार जेव्हा जाहीर व्यासपीठावरून बोलतो, तेव्हा ते विधान खासगी राहते का? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. राष्ट्रपतीची निवड संसद आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. ते पद मिळण्याचे संकेत अदृश्यातून आले असे म्हटले की पुढचा प्रश्न ओघानेच येतो: पदावर बसल्यानंतरही संकेत येतील का? आले तर फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज समोर असताना त्यांचे काय करणार? यात टिंगल नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, असे उत्तर ताई सहज देऊ शकल्या असत्या आणि ते पुरेसे ठरले असते. पण ते उत्तर मागणारा कोणी भेटला नाही.

हा भेद आम्ही आज शोधून काढलेला नाही. घटना समितीत तो अत्यंत सभ्यपणे मांडला गेला होता. मध्य प्रांत व वऱ्हाडातून गेलेले ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये राष्ट्रपतीच्या शपथेत ईश्वराचा उल्लेख आणण्यासाठी दुरुस्ती मांडली. चर्चेअंती पर्याय ठेवण्यात आला: ज्याला हवे त्याने ईश्वराची शपथ घ्यावी, ज्याला नको त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. आजच्या अनुच्छेद ६० मध्ये हाच पर्याय आहे. पुढे १७ ऑक्टोबर १९४९ रोजी कामतांनी उद्देशिकेचाच आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी मागणी केली. ईश्वरावर मत देण्याच्या संकटात आम्हांला टाकू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरीही मतदान झाले आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती सूचना फेटाळली गेली. या दोन निर्णयांतली संगती ध्यानात घ्यावी. शपथ घेणारी व्यक्ती श्रद्धाळू असू शकते; ज्या सत्तेच्या नावाने ती शपथ घेते, ती सत्ता मात्र लोकांकडून येते. कामत हरले, पण त्यांना कोणी वेडा म्हटले नाही आणि विरोधकांना कोणी धर्मबुडवे ठरवून गप्प केले नाही.

मे १९५१ मध्ये सोमनाथ मंदिराच्या समारंभाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद गेले. पंतप्रधान नेहरूंचा त्याला स्पष्ट विरोध होता. दोघांनी एकमेकांना पत्रे लिहून आपापली बाजू मांडली, राजेंद्रबाबू आपल्या मतावर ठाम राहिले, आणि वर्षभराने ते पुन्हा राष्ट्रपती झाले. मतभेद मिटला नाही. मिटावा अशी अटही नव्हती. कोण कशाला आक्षेप घेतो आहे, हे मात्र स्वच्छ होते.

२००७ मध्ये ही स्वच्छता असती, तर आणखी एक गोष्ट चर्चेत आली असती. राजस्थानच्या राज्यपाल असताना ताईंनी २००६ मध्ये तिथले धर्मांतरविरोधी विधेयक स्वाक्षरी न करता परत पाठवले होते. मूलभूत हक्कांना त्याने बाधा येते, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेच्या स्वातंत्र्यासाठी घटनात्मक पदावरून उभी राहिलेली ही व्यक्ती, आणि वर्षभराने पडद्याच्या प्रथेविषयी ढोबळ, एकांगी विधान करणारीही हीच. या दोहोंपैकी कोणत्या प्रतिभाताई राष्ट्रपती भवनात जात आहेत, असे विचारता आले असते. समर्थकांना हे विधेयक अडचणीचे वाटले असावे, टीकाकारांना ते आपल्या विनोदात बसेना. आमच्या प्राध्यापक-कक्षांत तर त्याचा साधा उल्लेखही झाल्याचे आम्हांला आठवत नाही.

आता वळू त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांचे नाव आमच्या विद्यापीठाला आहे. त्यांच्यावर आपण प्रकरणे शिकवतो, प्रबंध लिहवून घेतो, ‘लोकशिक्षक’ हे विशेषण परीक्षेत दोन गुणांना विकतो. परंतु बाबांची वादाची रीत कोणती होती, हे कोण सांगतो? बाबा कीर्तनाला उभे राहत ते श्रद्धाळूंच्याच समोर, जत्रेत, नदीकाठी. ते निवाडा सांगत नसत, प्रश्न विचारीत. श्रोत्याला कळणाऱ्या वऱ्हाडीत, त्याच्याच रोजच्या व्यवहारातला दाखला घेऊन, एकेक कबुली त्याच्याच तोंडून वदवून घेत. नवसाचे बकरे, कर्ज काढून घातलेली जेवणावळ, दगडापुढे मागितलेले मूल, यांतला फोलपणा माणूस स्वतःच बोलून दाखवी. तो हसे, पण स्वतःला हसे. आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार बाबांनी आधी कमावलेला असे. दिवसभर त्याच गावाचा रस्ता खराट्याने झाडून. ऋणमोचनला पूर्णेवर घाट, पंढरपूरला धर्मशाळा बांधणारा हा माणूस भाविकांचा वैरी आहे, असे कोणाला म्हणता आले नाही.

बाबांनी ताईंना काय विचारले असते, ते सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. विचारले असते, एवढे नक्की. आणि राष्ट्रपती म्हणून वगळले नसते, हेही नक्की. आपण नेमके उलटे वागतो. दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे मेळघाटात जातात. आमचे विद्यार्थी कोरकू आईसमोर पथनाट्य करून सांगतात की, भूमकाकडे जाऊ नको, लेकराच्या पोटावर डंबा देऊ नको. ते सांगायलाच हवे. त्यात लेकराचा जीव असतो. पण जिच्या गावापासून दवाखाना दूर आहे, त्या बाईला अंधश्रद्धेचा जाब विचारताना आमचा आवाज खणखणीत असतो, आणि सत्तेच्या जवळ असणाऱ्यांची पाळी आली की आम्हांला ‘खासगी श्रद्धेचा आदर’ आठवतो. याला विवेकवाद म्हणत नाहीत. दुबळ्यावर हात चालवणे म्हणतात.

कोणी म्हणेल, अठरा-वीस वर्षांपूर्वीचे हे प्रकरण आज उकरून काढण्यात काय हशील? ताई २०१२ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्यावर खटला चालवावा असा आमचा हेतू नाही. पण पद्धत तीच राहिली. जून २०२२ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार द्रौपदी मुर्मू यांनी रायरंगपूरच्या शिवमंदिरात झाडलोट केली, तेव्हाही एका बाजूने आरत्या झाल्या आणि दुसऱ्या बाजूने कुचेष्टा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमरावतीच्या तत्कालीन खासदारांनी मुख्यमंत्र्यांच्या दारात हनुमान चालीसा म्हणण्याची घोषणा केली, अटक झाली, आणि एक स्तोत्र हे राजकीय आव्हान झाले. तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी वर्गात विचारले की, भक्तीला प्रतिस्पर्ध्याचे दार कशाला लागते?

आणि जून २०२२ मध्येच अमरावतीत एका औषधविक्रेत्याचा खून झाला. धार्मिक वादावरचा एक मजकूर त्यांनी पुढे पाठवला, म्हणून तो झाला, असे तपासयंत्रणेने न्यायालयात मांडले आहे. मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल पेटली आणि एकाचा जीव गेला. राष्ट्रपतीच्या एका वाक्यावर आपण गप्प बसलो म्हणून हे घडले, असा बाळबोध कार्यकारणभाव आम्ही जोडत नाही. मारेकऱ्यांचा गुन्हा मारेकऱ्यांचाच. पण या दोन्ही शहरांत महाविद्यालये आहेत, मराठी विभाग आहेत, युक्तिवाद शिकवण्याचा पगार घेणारे आम्ही आहोत. श्रद्धेविषयी प्रश्न विचारणे आणि श्रद्धाळूचा अपमान करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गावांतल्या पोरांना कोणी दाखवून द्यायचे होते? त्यांनी पाहिली ती फक्त स्तुती आणि शिवी.

वऱ्हाडाला हे परके नाही. पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डला जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला आणि परत येऊन अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून इथल्याच प्रतिष्ठितांशी वाद घातला. नोव्हेंबर १९२७ मध्ये याच प्रश्नावर अमरावतीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्या वादात नाती दुखावली, पण बोलणे थांबले नाही.

येत्या २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम प्रत्येक महाविद्यालयात होईल. प्रतिमेला हार, प्राचार्यांचे दोन शब्द, आभार. आमची सूचना एवढीच की, या वर्षी भाषण नको. तासभर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारू द्यावेत. श्रद्धेवर, राष्ट्रपतींवर, आमदारांवर, आपल्या जातीच्या महाराजांवर, आमच्यावरही. आम्ही दोघे आपापल्या महाविद्यालयांत हे करणार आहोत. ती विद्यार्थिनी आज कुठे असेल, ठाऊक नाही. तिचा प्रश्न पहिला घेऊ.