कुंडीतले विष आणि दारापर्यंतची लस
२०१४पासून दारोदार फिरून कुत्र्यांना लस टोचणाऱ्या गोव्याने रेबीज आटोक्यात आणला. २०२१मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित घोषित झाले. कुंड्यांबाबत मात्र तशी जागरूकता नाही. पेडणे-डिचोलीच्या अंगणांतील कण्हेरीचे विष थोरामोठ्यांना ठाऊक असे. नव्या सदनिकांत आलेला सायकस अनोळखी आहे. मनीप्लांट चावल्यास तोंड पोळते, जीव सहसा जात नाही. सायकसची बी मात्र कुत्र्याचे यकृत निकामी करते. पुष्पगुच्छातील लिलीचे परागकण अंगावरून चाटले, तरी मांजराची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. मीठ पाजून उलटी करवणे तर आणखी घातक. लसीकरणाचे पथक दारात येतेच. पशुसंवर्धन खात्याने त्याच्याच हाती या झाडांचे सचित्र पत्रक द्यावे.