चाकावरची खोली आणि छोटा हीटर



या सदरात आपण आजवर गॅसची नळी, विजेचे बिल, पंख्याचा कंडेन्सर असे घरातलेच विषय घेतले. आजचा विषय जरा लांबचा आहे. पण आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली आज अमेरिकेत, कॅनडात नोकरीला आहेत आणि त्यांचे आईवडील सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. तेव्हा विषय अगदीच परका आहे असे नाही.

माझा धाकटा भाऊ मिशिगन राज्यात मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आईला त्याच्याकडे पोहोचवायला मी गेलो होतो. तीन आठवड्यांची अर्जित रजा शिल्लक होती, ती कामी आली. धाकट्याने एक जुना ट्रेलर विकत घेतला आहे. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकावरची खोली. लांबी अठरा फूट. आत पलंग, बाक, ओटा, गॅसची शेगडी, मोरी, संडास, सगळे बसवलेले. आईने आत पाऊल टाकले, इकडे तिकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली चाळीतली खोलीच झाली. नुसती चाके लावलीत." दुसरा प्रश्न तिने विचारला तो असा : "खिडकी कुठली उघडते?"

हा प्रश्न का, ते मला माहीत होते. मी दुसरी-तिसरीत असताना आमच्या चाळीत एका कुटुंबाने थंडीच्या रात्री कोळशाची शेगडी खोलीत घेतली, दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि सगळी झोपली. सकाळी दार फोडावे लागले. दोघे जण उठलेच नाहीत. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग, ना वास. तेव्हापासून आई कितीही थंडी असो, खिडकीला बोटभर फट ठेवतेच.

आम्ही एका तळ्याकाठच्या उद्यानात दोन रात्रींसाठी गेलो. तिकडे अशा जागी प्रत्येक गाडीसाठी विजेचा एक खांब असतो, त्याला ट्रेलरची जाड केबल जोडायची. रात्री पारा दोन-तीन अंशांवर उतरला. ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारी भट्टी होती, पण तिचा पंखा घरघरतो, गॅसही खातो, आणि खांबाची वीज तर रात्रीच्या भाड्यातच धरलेली. म्हणून धाकट्याने दुकानातून एक छोटा सिरॅमिक हीटर आणला होता. तो त्याने एका एक्स्टेन्शन बोर्डाला लावला, त्याच बोर्डात दोन मोबाईलचे चार्जर आणि दिवा. हीटर आईच्या पायथ्याशी, अंथरुणापासून हातभर अंतरावर. मीही पाहिले आणि काही बोललो नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला मोठा भाऊ पहिल्याच दिवशी सूचना कशा देणार, हा माझा मूर्खपणा.

रात्री दोनच्या सुमारास आईने हाक मारली, "रबर जळल्यासारखा वास येतोय रे." दिवा लावून पाहिले तर बोर्डाचे भोक तपकिरी झालेले, प्लगला हात लावता येईना. हीटर बंद केला, भट्टी लावली. बाकी काही झाले नाही. पण प्लायवूडच्या भिंती, फोमच्या गाद्या, पडदे, आत पाच माणसे, त्यात सहा वर्षांची पुतणी, आणि बाहेर पडायला एकच अरुंद दार. झोप कुणालाच लागली नाही.

सकाळी चहा घेताना मी कागद-पेन्सिल मागितली. मी बी.कॉम. झालेला कारकून, विजेचा इंजिनिअर घरात असताना मी हिशेब मांडतो म्हणजे गंमतच. पण धाकटा स्वतःच म्हणाला, "दादा, मांड तू. कारखान्यात मी हे रोज करतो, घरात डोके चालत नाही."

तिकडे घरातली वीज १२० व्होल्टची. हीटर १५०० वॅटचा. भागाकार केला की १२.५ अँपिअर येतात. साधे सॉकेट असते १५ अँपिअरचे, आणि तासन् तास चालणारा भार सॉकेटच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच असावा असा तिकडचा नियम, म्हणजे १२ अँपिअर. छोटा म्हणवणारा हा हीटर पूर्ण जोरावर लावला की एकटाच ती मर्यादा ओलांडतो. वर बोर्डातली पातळ पत्र्याची पट्टी आणि ढिला पडलेला खटका. जिथे जोड ढिला, तिथे उष्णता, आणि उष्णतेने जोड आणखी ढिला. बोर्ड जळाला यात नवल नाही, ब्रेकर पडला नाही यातही नाही. ब्रेकरला एकूण प्रवाह कळतो, ढिला जोड कळत नाही.

पूर्ण ट्रेलरला मिळतात ३० अँपिअर, म्हणजे ३६०० वॅट. हीटरचे १५०० गेले, मायक्रोवेव्ह लावला की तोही साधारण तितकेच ओढतो, पाणी तापवायचा विजेचा बंब असेल तर आणखी १४०० च्या आसपास. तिघे एकदम चालले की बेरीज ३६०० च्या पार. म्हणून तिकडची अनुभवी मंडळी दूध गरम करायच्या आधी हीटर बंद करतात. आपल्याकडे चाळीत एकाच मीटरवर इस्त्री आणि मोटर एकदम लावली की शेजारी ओरडायचे, तोच प्रकार.

आता निवडीचे. दुकानात वीस तऱ्हा मांडलेल्या असतात आणि प्रत्येक खोक्यावर वीज वाचवण्याची भाषा. ती वाचायची नाही. तारेवर चालणारा कोणताही हीटर घ्या, १५०० वॅट खाल्ले की तेवढीच उष्णता देतो, वीस डॉलरचा असो की दोनशेचा. फरक उष्णता किती मिळते यात नाही, ती कशी मिळते यात आहे. पंख्याचा सिरॅमिक हीटर हलका, खोली लवकर गरम करतो, पण आवाज करतो आणि अंथरुणाचा धागा-धूळ ओढून घेतो. लालभडक नळीचा हीटर समोरच्यालाच शेकतो, मागचा कुडकुडत राहतो, आणि पदर किंवा पांघरूण जवळ गेले तर सगळ्यांत वाईट तोच. तेल भरलेला, पंख्याविना चालणारा हीटर तापायला अर्धा तास घेतो, जड असतो, जागा अडवतो, पण त्यात उघडी लाल तार नाही, आवाज नाही, आणि बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो. म्हाताऱ्या माणसाच्या झोपेसाठी मी तेलाचाच घेईन. मात्र प्रवासात तो आडवा पडू नये म्हणून बांधून ठेवावा लागतो.

कोणताही घेतला तरी तीन गोष्टी पाहायच्या. कलंडला की आपोआप बंद होणारा खटका हवा. जास्त तापला की तोडणारी व्यवस्था हवी. आणि जोर कमी करायचे बटण हवे, ७५० वॅटच्या आसपास. यू.एल. किंवा ई.टी.एल. ही चाचणीची खूण पाहावी, आपल्याकडे जशी आय.एस.आय.

कमी जोराच्या त्या बटणाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. ७५० वॅटला प्रवाह निम्मा, सव्वासहा अँपिअर, आणि जोडातली उष्णता निम्मी नव्हे तर पाव होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात चालते. संध्याकाळी तासभर पूर्ण जोर, भिंती तापल्या की रात्रभर कमी जोर.

हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटात लावावा, बोर्डात कधीच नाही. ट्रेलरमधली सॉकेटेही पुष्कळदा हलकी असतात : आतली तार स्क्रूने आवळलेली नसून नुसती पात्यात दाबून बसवलेली, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ती सैल होते. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर ते सॉकेट हीटरसाठी बाद. आम्ही दुसऱ्या रात्री वेगळी युक्ती केली. खांबावर मोठ्या सॉकेटाशेजारी २० अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट होते. तिथून जाड वायर थेट आत आणली आणि फक्त हीटरला जोडली. तिकडे वायरीची जाडी आकड्याने सांगतात आणि आकडा उलटा चालतो : १६ नंबर पातळ, १२ नंबर जाड. १२ च्या खाली उतरलात, म्हणजे १० घेतलीत, तर उत्तमच. वायर पूर्ण उलगडून टाकायची, गुंडाळी तशीच ठेवली तर ती आतून तापते.

हीटरपासून सगळ्या बाजूंनी तीन फूट मोकळे ठेवा असे तिकडचे अग्निशमनवाले सांगतात. अठरा फुटी खोलीत तीन फूट मोकळे शोधून दाखवा! आम्हाला दाराजवळच्या बोळातच जागा मिळाली. पण मग रात्री दार अडते. शेवटी ओट्याच्या कडेला, तोंड बोळाकडे, असा ठेवला आणि सगळ्यांना अंधारात दारापर्यंत एकदा चालायला लावले. पुतणीला तो खेळच वाटला.

गॅसच्या चुलीवर खोली तापवायची नाही, हे मात्र हात जोडून सांगतो. स्वयंपाकाची शेगडी हवेतलाच प्राणवायू खाते, आणि धूर बाहेर न्यायला तिला नळी नसते. भट्टीला ती असते. विजेच्या हीटरमधून विषारी वायू निघत नाही हे खरे, तरी धुराची आणि विषारी वायूची घंटा छताजवळ बसवलेली असते, तिचे बटण दाबून पाहावे. बॅटरी काढून ठेवलेल्या घंट्या मी तिकडेही पाहिल्या.

मग विजेचा हीटर असताना भट्टी कशाला, असे भावजयीने विचारले. रास्त प्रश्न आहे. १५०० वॅटची उष्णता तिकडच्या मापाने सुमारे ५१०० युनिट. भट्टी त्याच्या तिप्पट-चौपट किंवा जास्तच देते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बऱ्याच ट्रेलरांत भट्टीची गरम हवा जमिनीखालच्या पाण्याच्या नळांजवळूनही जाते. हीटरने खोली गरम ठेवली की भट्टी सुरूच होत नाही, आपण आत मजेत आणि खाली नळ गोठून फुटलेले. म्हणून पारा शून्याखाली जाणार असेल तर हीटर बाजूला ठेवून भट्टीच चालवावी. आणि खांबच नसेल अशा रानात विजेच्या हीटरचा विचारही नको. शंभर अँपिअर-तासाची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. १५०० वॅटचा हीटर ती पूर्ण एक तासही चालवणार नाही.

जाता जाता एक सूचना. तिकडचा स्वस्त हीटर कुणी भेट म्हणून इकडे आणू नये. १२० व्होल्टची वस्तू आपल्या २३० व्होल्टला लावली तर १५०० वॅटचा हीटर साडेपाच हजार वॅट ओढू पाहतो, म्हणजे क्षणात जळतो. इकडचा १००० वॅटचा हीटर तिकडे नेला तर पावणेतीनशे वॅटच देतो, हात शेकायलाही पुरत नाही. नागपूर-गोंदियाकडच्या वाचकांनी २००० वॅटचा हीटर घेतला असेल तर तो पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंटच लागतो. छोट्या सॉकेटात अडॅप्टर कोंबून चालवू नका. आणि पाच तासांना दहा युनिट, हेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या रात्री आम्ही छताच्या झरोक्याला फोमची उशी कोंबली, जमिनीवर सतरंजी अंथरली, हीटर कमी जोरावर आणि भट्टी तेरा अंशांवर लावून ठेवली, हीटर कमी पडला तर ती आपोआप चालू होईल अशी. खिडक्यांवर आपल्याच श्वासाचे पाणी साचत होते, तेव्हा आईची बोटभर फट इथेही बरोबरच निघाली. आईने बॅगेतून स्वतः शिवलेली जुन्या लुगड्यांची गोधडी काढली. विमानाच्या वजनात ती बसवताना मी विमानतळावर कुरकुर केली होती, दोन किलोला उगाच जागा म्हणून. सकाळी पुतणी त्याच गोधडीत आजीजवळ झोपलेली होती आणि धाकटा मला विचारत होता, "दादा, अजून एक शिवून घेता येईल का रे?"