खेळगप्पा : बर्फावरचे सोळा विजय



आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे परीक्षा संपलेली, उन्हानं अंगाची लाही लाही आणि घरात आंब्यांचा घमघमाट. नेमक्या याच दिवसांत कॅनडा आणि अमेरिकेतली तुमच्याएवढी मुलं रात्री जागून बर्फावरचा खेळ बघत असतात. आइस हॉकी! तिथल्या ‘नॅशनल हॉकी लीग’ची शेवटची बाद फेरी एप्रिलमध्ये सुरू होते आणि जूनपर्यंत चालते. बक्षीस एकच – स्टॅन्ली कप.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या हॉकीत चेंडू असतो, इथं असतो ‘पक’. कठीण रबराची काळी चकती, कॅरमच्या स्ट्रायकरचा थोरला भाऊच म्हणा ना! जाडी अडीच सेंटिमीटर, वजन साधारण १६० ग्रॅम. सामन्याआधी ती चक्क गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही, सरसर घसरते. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा जण बर्फावर असतात. पायात पात्यांचे बूट. वेग इतका, की खेळाडू मिनिटभरात दमतो आणि खेळ न थांबवता त्याच्या जागी दुसरा उडी मारून येतो. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, झाला सामना.

आता कपाची गोष्ट. १८९२ साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते लॉर्ड स्टॅन्ली. त्यांच्या मुलांना या खेळाचं भारी वेड. लॉर्डसाहेबांनी चांदीचा एक वाडगा विकत घेतला आणि देशातल्या सर्वोत्तम संघासाठी देऊन टाकला. १८९३ साली तो पहिल्यांदा माँट्रियलच्या संघाला मिळाला. तेव्हाचा तो छोटासा वाडगा आज उंच मनोरा झाला आहे, कारण जिंकणाऱ्या खेळाडूंची नावं कोरण्यासाठी त्याच्याखाली पट्ट्या जोडत गेले. हल्ली सगळ्या पट्ट्या भरल्या, की सर्वांत जुनी पट्टी काढून टोरांटोच्या संग्रहालयात ठेवतात आणि नवी कोरी पट्टी बसवतात. आणि गंमत ऐका. शुद्धलेखनाच्या चुका फक्त आपल्याच वहीत होतात असं नाही बरं का! १९७२ साली जिंकलेल्या बोस्टनचं नाव कोरताना कारागिरानं इंग्रजी ‘ओ’च्या जागी ‘क्यू’ कोरून ठेवला!

कप मिळवायचा कसा? लीगमध्ये ३२ संघ. हिवाळाभर प्रत्येक संघ ऐंशीहून जास्त सामने खेळतो. त्यातले १६ संघ बाद फेरीत येतात. दोन संघांमध्ये सात सामन्यांची मालिका होते आणि जो आधी चार जिंकेल तो पुढं जातो. अशा चार फेऱ्या. म्हणजे कपासाठी सोळा विजय हवेत. बरोबरी हा शब्दच इथं नाही. तीन डावांनंतर गुण सारखे असतील, तर आणखी वीस मिनिटं, मग आणखी वीस... पहिला गोल होईपर्यंत खेळायचंच. १९३६ साली डेट्रॉइट आणि माँट्रियल मरून्स यांच्या सामन्यात असे सहा जादा डाव लागले. एकमेव गोल झाला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते!

पण आज मला तुम्हांला सांगायच्या आहेत त्या तीन माणसांच्या गोष्टी. तिन्हींत एकच पक आहे, आणि तो तोंडावर येऊन आदळतो.

पहिली गोष्ट १९२८ सालची. अंतिम फेरीत न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध माँट्रियल मरून्स. न्यूयॉर्कच्या मैदानात सर्कस उतरली होती, म्हणून सगळे सामने माँट्रियललाच! दुसऱ्या सामन्यात रेंजर्सचा गोलरक्षक लॉर्न शॅबो याच्या डोळ्यावर पक बसला. त्याला बाहेर न्यावं लागलं. त्या काळी संघाकडे राखीव गोलरक्षक नसे. प्रेक्षकांत दुसऱ्या संघाचा एक नामांकित गोलरक्षक बसला होता, पण मरून्सनी त्याला खेळवायला परवानगी दिली नाही. मग रेंजर्सचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतःच गोलात उभे राहिले. वय ४४, केस पिकलेले, आणि खेळायचे तेव्हाही ते गोलरक्षक नव्हते! त्यांनी एकच गोल होऊ दिला. जादा वेळेत रेंजर्स २-१ असे जिंकले आणि पुढं मालिका ३-२ अशी जिंकून कप घेऊन गेले.

वाचताना छाती फुगते ना? पण थांबा. शॅबोच्या डोळ्यावर पक बसला, आणि त्याच जागी पॅट्रिक उभे राहिले ते उघड्या तोंडानंच. मुखवटा सहसा कुणी घालत नसे. पुढं तीसेक वर्षं हे असंच चाललं.

दुसरी गोष्ट १ नोव्हेंबर १९५९ ची. माँट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जाक प्लांट. न्यूयॉर्कमध्ये पकनं त्याचा चेहरा फाटला. टाके घातले. राखीव गोलरक्षक अजूनही नव्हताच. प्लांट म्हणाला, मुखवटा घालू देत असाल तरच मी परत उतरतो. सरावात तो मुखवटा वापरायचाच. प्रशिक्षकांना मात्र सामन्यात मुखवटा अजिबात पसंत नव्हता. पण करतात काय? प्लांट मुखवटा घालून उतरला आणि त्याचा संघ जिंकला. पुढच्या बहुतेक सामन्यांतही तो मुखवटा घालूनच खेळला, आणि त्या मोसमाचा स्टॅन्ली कप १९६० साली माँट्रियलनंच उचलला. हळूहळू सगळेच गोलरक्षक मुखवटे घालू लागले. ‘मला लागतं’ असं सगळ्यांसमोर म्हणायला प्लांटला किती धीर लागला असेल, विचार करा.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. मॅनी मल्होत्रा. जन्म कॅनडातला, वडील भारतीय, आई फ्रेंच बोलणाऱ्या क्वीबेक प्रांतातली. मार्च २०११ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना पक त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. शस्त्रक्रिया झाल्या. यंदा तो परत खेळणार नाही, असं संघानं जाहीरच केलं. इकडे व्हँकुव्हर एकेक फेरी जिंकत अंतिम फेरीत पोहोचला, आणि ४ जूनला दुसऱ्या सामन्यात मॅनी डॉक्टरांच्या परवानगीनं, चेहऱ्यावर पूर्ण संरक्षक काच लावून बर्फावर आला! प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. तो सामना व्हँकुव्हरनं जिंकला, पण मालिका बोस्टननं ४-३ अशी नेली. मॅनीची त्या डोळ्याची दृष्टी मात्र पूर्ण परत आली नाही. २०१३ साली त्याच्या सुरक्षेच्या काळजीनं संघानंच त्याला थांबवलं. त्याला खूप वाईट वाटलं. पुढं तो दुसऱ्या संघाकडून खेळला, नंतर प्रशिक्षक झाला, आणि २०२५ साली त्याच्या अ‍ॅबट्सफर्डच्या संघानं ‘अमेरिकन हॉकी लीग’चा काल्डर कप जिंकला. आता नियमही बदललाय. २०१३ पासून लीगमध्ये नव्यानं येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला डोळ्यांसमोर काच लावावीच लागते.

आता खरं सांगा, तिघांतला शूर कोण? मला विचाराल तर तिघंही. पण मित्रांनो, गुडघा खरचटला तरी खेळत राहणं वेगळं आणि डोळ्याला, डोक्याला मार लागला असताना ‘काही नाही झालं सर’ म्हणणं वेगळं. आपल्या गल्लीतही हे घडतं. चेंडू लागलेला मुलगा रडू दाबतो, कारण बाकीचे ‘भित्रा’ म्हणतील. घरी गेल्यावरही सांगत नाही, कारण आई उद्यापासून खेळायला पाठवणार नाही! तर मुलांनो, मार लागला की लगेच सांगायचं. आणि आईबाबांनो, मुलानं सांगितलं तर आधी जखम बघा, रागावणं मागाहून. म्हणजे पुढच्या वेळीही तो सांगेल.

आणखी एक रीत मला फार आवडते. या खेळात धक्काबुक्की होते, कधी मारामारीसुद्धा. ती काही चांगली गोष्ट नव्हे. पण मालिका संपली, की दोन्ही संघ बर्फावर रांगा लावतात आणि प्रत्येक जण समोरच्या प्रत्येकाशी हात मिळवतो. दोन आठवडे ज्याला ढकललं, त्याच्याशीही! हरलेल्याचे डोळे भरलेले असतात, तरी तो रांग सोडत नाही. तुमच्या पुढच्या सामन्यानंतर करून बघाल?

जाता जाता : या बाद फेरीचं समालोचन कॅनडात पंजाबीतूनही होतं, आणि आपल्या लडाखमध्येही हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी रंगते.

डोकं चालवा!
१) कप जिंकणाऱ्या संघाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती सामने खेळावे लागतात?
२) १६ संघांतून एक विजेता निवडायला एकूण किती मालिका होतात? बेरीज न करता सांगा बघू!

(उत्तरं : १. कमीत कमी १६, जास्तीत जास्त २८. २. पंधरा. प्रत्येक मालिकेत एकच संघ बाद होतो आणि बाद व्हायचे असतात पंधरा!)