प्रमाणपत्र कोणाचे आणि भार कोणावर?

पिलाटेस या व्यायामपद्धतीवर समाजवादी साप्ताहिकाने अग्रलेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वस्त्यांत काचेच्या दारांआड ही पद्धत शिकणारा वर्ग आपल्या चळवळीचा नव्हे, हे खरे आहे. परंतु शिकणारा कोणत्याही वर्गातला असो, तासाच्या मोलावर शिकविणारा माणूस हा श्रमजीवीच असतो. त्याला कामावर उभे राहण्यासाठी प्रमाणपत्र लागते, ते टिकविण्यासाठी पुनःपुन्हा शिकावे लागते आणि या साऱ्याचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून करावा असे गृहीत धरले जाते. हे गृहीत आज अनेक नव्या व्यवसायांत रूढ होत आहे. म्हणून त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटेस याचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्याला आईल ऑफ मॅन बेटावरील छावणीत स्थानबद्ध केले. तेथे तो सोबतच्या बंदिवानांना व्यायाम शिकवीत असे. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच शिकवीत राहिला. त्याच्याकडे येणाऱ्यांत दुखापतींनी जेरीस आलेले नर्तक बरेच होते. गुरूजवळ राहून वर्षानुवर्षे हात बसवायचा, ही आपल्या आखाड्यातील वस्ताद-शिष्य परंपरेसारखीच रीत तेथे होती.

या इतिहासातील एक गोष्ट मात्र आवर्जून सांगण्याजोगी आहे. कॅथी ग्रँट आणि लोलिता सान मिगेल या दोन नर्तकींना खुद्द पिलाटेसच्या हाताखाली रीतसर प्रशिक्षण व प्रमाणपत्र मिळाले, ते न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक कार्यक्रमामार्फत. म्हणजे या व्यवसायातील पहिली औपचारिक मान्यता बाजाराने दिली नाही, तिच्यामागे सार्वजनिक यंत्रणा उभी होती. पुढे ही वाट सोडून देण्यात आली, आणि आजच्या दुखण्याचे मूळ तेथे आहे.

गुरूच्या पश्चात ‘पिलाटेस’ या नावावरच मालकी हक्क सांगितला गेला. हे नाव कोणी लावावे आणि कोणी लावू नये, याचा वाद न्यायालयात गेला. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने निर्णय दिला की, हे एका व्यायामपद्धतीचे सामान्यनाम आहे, ती कोणाची खाजगी मिरास नव्हे. निर्णय न्याय्यच होता. परंतु एका मालकाची मक्तेदारी मोडली म्हणजे लोकांचा अधिकार आपोआप प्रस्थापित होतो असे नाही. नाव मोकळे झाले आणि प्रमाणपत्रांची दुकानेही मोकळी झाली. कोणी दोन-तीन दिवसांच्या शिबिराअंती कागद देऊ लागले, तर कोणी वर्षभर राबवून घेऊन.

या गोंधळावर उपाय म्हणून २००१ साली अमेरिकेत व्यावसायिकांची एक संघटना स्थापन झाली. तिने पुढे सर्वांसाठी एक समान परीक्षा सुरू केली. परीक्षेस बसण्यापूर्वी ४५० तासांचे प्रशिक्षण हवे आणि उत्तीर्ण झाल्यावर दर दोन वर्षांनी १६ तासांचे निरंतर शिक्षण हवे, असा दंडक त्यातून रूढ झाला. मणक्याची चकती सरकलेल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या किंवा हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला ताणलेल्या स्प्रिंगांच्या सरकत्या मंचावर निजवावयाचे असेल, तर शिकविणाऱ्याला शरीररचनेचे पक्के ज्ञान असलेच पाहिजे. ते ज्ञान वाढत असते म्हणून शिक्षणही चालू राहिले पाहिजे. प्रमाणीकरणाला आमचा विरोध नाही, हे येथेच निःसंदिग्धपणे नमूद करतो.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ४५० तास म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर छप्पन्न दिवसांचे श्रम. त्यात निरीक्षण येते, सराव येतो आणि इतरांना शिकवून पाहणेही येते. या काळात शिकाऊ व्यक्तीला वेतन मिळत नाही, उलट तीच शुल्क भरते. कारखान्यातील शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन दिले पाहिजे, हे तत्त्व आपल्या देशाने १९६१ च्या कायद्याने मान्य केले. तेलकट हातांनी लेथवर काम शिकणाऱ्याला जो न्याय लागू झाला, तो गालिच्यावर काम शिकणाऱ्या मुलीला का लागू होऊ नये? निरंतर शिक्षणाचेही तेच. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे शुल्क तिने द्यावयाचे आणि त्या दिवशी बुडालेल्या वर्गांचे पैसेही तिनेच गमवावयाचे. ‘आमचे सर्व शिक्षक प्रमाणित आहेत’ ही पाटी मात्र मालक दारावर लावतो आणि तिच्या बळावर दर वाढवितो. मान्यतेचे मोल एकाने चुकवावयाचे आणि फळ दुसऱ्याने घ्यावयाचे, यालाच आपण शोषण म्हणत आलो आहोत.

हे कसे शक्य होते? शिक्षकाला ‘कामगार’ न म्हणता ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हटल्याने. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा करून या शब्दच्छलाला आळा घालण्याचा प्रयत्न केला. आस्थापनेचा जो मूळ धंदा तेच काम करणारा माणूस हा सर्वसाधारणपणे तिचा नोकरच, असे त्या कायद्याचे सूत्र आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील एका मोठ्या साखळीच्या योगशिक्षकांनी यंत्रकामगारांच्या संघटनेत सामील होण्याचा कौल दिला. पुढच्याच वर्षी महामारीच्या काळात त्या कंपनीने शहरातील आपली केंद्रे बंद केली, हेही विसरता कामा नये. संघटन हा जादूचा मंत्र नव्हे, परंतु त्यावाचून मार्गही नाही.

आता आपल्या घराकडे वळू. येथेही परदेशी मूळ असलेल्या संस्थांचे अभ्यासक्रम विकले जातात आणि मध्यमवर्गीय तरुण-तरुणी प्रसंगी कर्ज काढून ते विकत घेतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना बहुतेक तरतुदींतून वगळल्या. चार-सहा शिक्षकांवर चालणारा व्यायामवर्ग नेमका त्या फटीत बसतो. योगशिक्षकांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली प्रमाणन मंडळ नेमले, म्हणजे शासनाने मनात आणले तर हे होऊ शकते. डॉक्टरांना पाच वर्षांत ३० गुणांचे निरंतर शिक्षण महाराष्ट्र वैद्यक परिषद सक्तीचे करते, पण ती परिषद कायद्याने स्थापन झालेली व विधिमंडळाला उत्तरदायी आहे. खाजगी प्रमाणपत्राच्या दुकानदाराला कोण जाब विचारणार?

सरकारी नियंत्रण आले की निरीक्षकाची चिरीमिरी येईल आणि परवान्याच्या नावाखाली नवी जातव्यवस्था निर्माण होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. इंग्रजी न येणारा, आखाड्यात वाढलेला, अनुभवाने शहाणा झालेला शिक्षक परीक्षेच्या दाराशीच अडविला गेला, तर आम्ही त्या परीक्षेविरुद्ध उभे राहू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून आखाडा आणि शास्त्र यांची सांगड घालून दाखविली. तो वारसा आपल्याकडे असताना परदेशी शिक्क्यासमोर हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही.

म्हणून आमची भूमिका अशी आहे. प्रमाणीकरण सार्वजनिक असावे, त्याची परीक्षा मराठीतही द्यावी, शुल्क अल्प असावे आणि कोठे शिकलात यापेक्षा काय येते हे पाहिले जावे. प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळावे. निरंतर शिक्षणाचे तास हे कामाचेच तास समजून त्यांचा मोबदला व शुल्क मालकाने द्यावे. लहान मालकांना हे झेपत नसेल तर त्यांनी एकत्र येऊन निधी उभारावा आणि शासनाने त्यात वाटा उचलावा.

शहरांतील आमच्या कार्यकर्त्यांनी गिरणीचे दार ओळखले, रिक्षाचा थांबा ओळखला, घरकामगार बहिणींची चाळ ओळखली. आता या काचेच्या दारांपाशीही जावे. पहाटे साडेपाचला पहिला वर्ग घेण्यासाठी लोकल पकडणारी, दुपारभर बिनपगारी थांबणारी आणि रात्री शेवटचा वर्ग संपवून परतणारी ती मुलगी स्वतःला कामगार म्हणत नाही. ती आपली आहे, हे आधी आपण ओळखले पाहिजे. दुसऱ्यांचे कणे ताठ करणाऱ्यांना स्वतःचा कणा वाकवून जगावे लागू नये, एवढेच या मागण्यांचे तात्पर्य आहे.