पुतळ्यावरचा सराव हवाच

संपादक महोदय,

‘पुतळ्यांवर शिकून परिचारिका घडत नाही’ हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. रुग्णाच्या खाटेजवळच्या शिक्षणाला पर्याय नाही, हे मान्य. पण प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव विद्यार्थिनीच्या पाळीत घडेलच असे नाही. घडला तर अनुभवी हात पुढे होतात आणि ती मागे राहते. सरावासाठीच्या मानवाकृती पुतळ्यावर मात्र गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिनची तयारी, रक्ताचा अंदाज, डॉक्टरांना नेमक्या शब्दांत कळवणे, हे सारे तिलाच करावे लागते. नंतरच्या चर्चेत काय राहून गेले तेही कळते.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात निम्मे प्रात्यक्षिक तास अशा सरावाला दिले, तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. मात्र शिक्षक त्यासाठी खास तयार केलेले होते. भारतीय परिचर्या परिषदेनेही २०२१च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात या पद्धतीला स्थान दिले आहे.

वरोरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात किंवा तलासरीच्या पाड्यावर डॉक्टर येईपर्यंत परिचारिकेचाच आधार असतो. म्हणून महाविद्यालयांनी पुतळे कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत, आधी शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वरोर (ता. डहाणू, जि. पालघर)